पराभूत संघ आणि मातब्बर खेळाडूंचा बाजार

डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेतील टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाने अलेक्स रॉड्रिगेझ या पंचवीस वर्षांच्या खेळाडूशी दहा वर्षांचा करार केला. कराराची रक्कम २५ कोटी २० लाख डॉलर होती. संघाचे मालक टॉम हिक्स यांनी १९९८ मध्ये अख्खा संघ सुमारे २५ कोटी डॉलरना विकत घेतला होता. म्हणजे संपूर्ण संघाला जी किंमत पडली, तिच्याहून अधिक रक्कम त्यांनी एकट्या खेळाडूला देऊ केली. त्या वर्षी रेंजर्स आपल्या गटात तळाला होते आणि या एका करारासरशी ते वर येतील, अशी मालकांची व प्रेक्षकांची समजूत होती.

रॉड्रिगेझने आपल्या बाजूने कसूर केली नाही. तीन वर्षांत त्याने अनुक्रमे ५२, ५७ व ४७ होम रन मारले आणि २००३ मध्ये अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळविला. (याच काळात बंदी असलेली उत्तेजके घेतल्याची कबुली त्याने २००९ मध्ये दिली, हा विषय निराळा.) संघ मात्र तिन्ही वर्षे गटात तळालाच राहिला. फेब्रुवारी २००४ मध्ये रेंजर्सनी त्याला न्यूयॉर्क यांकीजकडे धाडले. इतकेच नव्हे तर कराराच्या उरलेल्या १७ कोटी ९० लाख डॉलरपैकी ६ कोटी ७० लाख डॉलर आपण भरू, असेही कबूल केले. २०१० मध्ये संघाच्या दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयात गेला, तेव्हा विनातारण धनकोंच्या यादीत अग्रस्थानी नाव होते ते रॉड्रिगेझचे. सुमारे अडीच कोटी डॉलर संघ त्याला देणे लागत होता.

एकवीस वर्षांनी याच संघाने तोच डाव पुन्हा मांडला. २०२१ च्या हंगामात १६२ पैकी १०२ सामने गमावल्यावर रेंजर्सनी कोरी सीगर याला दहा वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख, मार्कस सेमियन याला सात वर्षांसाठी १७ कोटी ५० लाख आणि जॉन ग्रे या पिचरला चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. पुढल्या वर्षीही संघ ९४ सामने हरला आणि टीकाकारांनी २००० ची आठवण काढली. परंतु २०२३ मध्ये रेंजर्सनी आपल्या इतिहासात प्रथमच ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो सीगर.

संघ तोच, बाजार तोच. दुसऱ्या वेळी तर संघाची अवस्था पहिल्यापेक्षाही वाईट होती. तरीही एका खरेदीची परिणती नामुष्कीत झाली आणि दुसरीची अजिंक्यपदात. पराभूत संघाने नामवंत खेळाडूंवर पैसा ओतावा की ओतू नये, या जुन्या वादाचे उत्तर या फरकात दडलेले आहे.

हा बाजार कसा निर्माण झाला?

अमेरिकन बेसबॉलमध्ये दीर्घकाळ खेळाडू हा संघाशी जन्मभर बांधलेला असे. करार संपला तरी त्याच्यावरील हक्क संघाकडेच राखून ठेवणारे एक कलम प्रत्येक करारात असे. कर्ट फ्लड या खेळाडूने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली, पण १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. अखेर २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर सायट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरना मुक्त ठरविले आणि शृंखला तुटली. पुढल्या वर्षी झालेल्या समझोत्यानुसार सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला मुक्त होण्याचा हक्क मिळाला.

खेळाडूंच्या संघटनेचे सूत्रधार मार्विन मिलर हे पूर्वी पोलाद कामगार संघटनेचे अर्थतज्ज्ञ होते. सर्वच खेळाडूंना दरवर्षी मुक्त करा, अशी सूचना चार्ल्स फिन्ली या एका संघमालकाने केली होती. मालक ती मान्य करतील की काय, हीच मिलर यांना धास्ती होती. कारण बाजारात एकाच वेळी शेकडो खेळाडू आले तर भाव कोसळतील, आणि मोजकेच आले तर भाव चढतील, हे ते जाणून होते. मालकांनी सूचना फेटाळली आणि मिलर यांच्या मनासारखे झाले. आजही दर हिवाळ्यात बाजारात खरोखर अव्वल असे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीला कमाल मर्यादा असते. बेसबॉलमध्ये ठराविक खर्चापलीकडे अधिभार भरावा लागतो, पण सक्तीची कमाल मर्यादा नाही. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी ह्वान सोटो याच्याशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार करू शकले.

या व्यवस्थेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. मुक्त होण्यापूर्वीच्या सहा वर्षांत खेळाडूला बाजारभाव मिळत नाही. सर्वसाधारणपणे पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो आणि नंतरची तीन वर्षे त्याचे वेतन लवादाच्या भीतीने थोडेथोडे वाढते. संघाला खरा नफा होतो तो या तरुणांच्या खेळातून. क्रिस ब्रायंटचे उदाहरण घ्यावे. २०१६ मध्ये शिकागो कब्जनी १०८ वर्षांनी अजिंक्यपद मिळविले, त्या वर्षी नॅशनल लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या ब्रायंटचे वेतन होते अवघे ६ लाख ५२ हजार डॉलर. तोच ब्रायंट मार्च २०२२ मध्ये मुक्त खेळाडू म्हणून कोलोरॅडो रॉकीजकडे गेला तो सात वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलर घेऊन, म्हणजे वर्षाला सरासरी २ कोटी ६० लाख. दुखापतींनी जर्जर झाल्यामुळे २०२५ अखेरच्या चार हंगामांत तो जेमतेम १७० सामने खेळू शकला, आणि त्याच चार हंगामांत त्याच्या संघाने अनुक्रमे ९४, १०३, १०१ व ११९ सामने गमावले.

एका खेळाडूचे मोल

क्रिकेटच्या सवयीमुळे आपल्याकडील वाचकाला एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर नांगर टाकून सामना एकहाती फिरवू शकतो. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाज आळीपाळीने येतात. कितीही थोर फलंदाज असला तरी आपली पाळी संपली की त्याला उरलेल्या आठांची वाट पाहावी लागते. सामन्याची सुरुवात करणारा पिचर तर साधारण पाच दिवसांतून एकदाच उभा राहतो. त्यामुळे सहज उपलब्ध होणाऱ्या सामान्य खेळाडूच्या जागी अव्वल खेळाडू आणला, तर १६२ सामन्यांच्या हंगामात संघाचे साधारण पाच-सहा विजय वाढतात.

आता ही वाढ कुठे होते ते पाहावे. ज्या संघाची कुवत ८६ विजयांची आहे, तो या सहा विजयांमुळे ९२ वर जातो आणि बहुधा बादफेरीत पोचतो. प्रेक्षक वाढतात, तिकिटांचे दर वाढतात, शहरात उत्साह संचारतो. ज्याची कुवत ६५ विजयांची आहे, तो ७१ वर जातो, आणि ऑक्टोबरात त्याचे खेळाडू घरीच बसतात. खेळाडू तोच, त्याने मिळवून दिलेले विजय तितकेच, पण त्यांचे सीमान्त मूल्य एका ठिकाणी मोठे आणि दुसऱ्या ठिकाणी नगण्य. गुणी खेळाडू अखेरीस तिथेच जातात जिथे त्यांचे मूल्य सर्वाधिक असते, असा सिद्धांत सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच मांडला होता. रॉड्रिगेझ टेक्साससारख्या तळाच्या संघाकडून यांकीजसारख्या विजयाच्या उंबरठ्यावरील संघाकडे गेला, यात त्या सिद्धांताला बाध येण्यासारखे काही घडले नाही.

पराभूत संघाच्या वाट्याला याखेरीज आणखी तीन ओझी येतात. पहिले असे की, नामवंत खेळाडू स्वखुशीने हरणाऱ्या संघात जात नाही. त्याचे मन वळविण्यासाठी इतरांपेक्षा एक-दोन वर्षे अधिक आणि काही कोटी अधिक द्यावे लागतात. दुसरे ओझे लिलावाच्या स्वरूपातच आहे. तेलक्षेत्रांच्या लिलावाचा अभ्यास करणाऱ्या तिघा अभियंत्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, वस्तूच्या मोलाचा अंदाज ज्याने सर्वांत जास्त चुकीचा, म्हणजे चढा केला असेल, त्याच्याच पदरात ती वस्तू पडण्याची शक्यता अधिक. यालाच ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात आणि अगतिक गिऱ्हाइकाला तो हटकून बाधतो. तिसरे ओझे वयाचे. खेळाडूचा बहर बहुधा सत्ताविशीच्या आसपास असतो, आणि सहा वर्षांची सेवा पुरी करून तो मुक्त होतो तेव्हा तिशीच्या घरात आलेला असतो. दहा वर्षांच्या कराराची पहिली चार वर्षे सुपीक आणि उरलेली सहा उतरणीची, हाच सर्वसाधारण अनुभव.

संघाची वेळ, खेळाडूची वेळ

याचा अर्थ पराभूत संघाने या बाजाराकडे फिरकूच नये, असा मात्र नव्हे. खरा प्रश्न किमतीचा नसून वेळेचा आहे. कराराच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, म्हणजे विकत घेतलेला खेळाडू अंगात बळ असेतो, त्याच्या शेजारी कोण उभे असेल?

रॉड्रिगेझच्या शेजारी २००१ मध्ये उभे केलेले गडी होते अँड्रेस गलारागा आणि केन कॅमिनिटी यांच्यासारखे चाळिशीकडे झुकलेले. पिचिंगची बाजू तर इतकी दुबळी की, फलंदाजांनी मिळविलेले पिचर गमावीत. शिडीच्या वरच्या पायरीवर पैसा खर्च झाला, खालच्या पायऱ्या नव्हत्याच. २०२१ नंतरचे चित्र निराळे होते. एकाऐवजी तिघे एकदम आले. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये निवडलेला जोश युंग आणि २०२० मध्ये निवडलेला इव्हान कार्टर हे तरुण एक-दोन वर्षांच्या अंतरावर होते. सेंट लुईस संघाला नको झालेला अडोलिस गार्सिया डिसेंबर २०१९ मध्ये केवळ रोख रकमेवर मिळाला होता. २०२३ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. विशेष म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलर मोजून आणलेला पिचर जेकब डिग्रॉम त्या हंगामात सहाच सामने सुरू करून जायबंदी झाला, तरीही संघ अडला नाही. एका खांबावर उभा असलेला तंबू असता तर तो त्याच दिवशी कोसळला असता.

हेच इतरत्रही दिसते. कब्जनी २०१४ मध्ये ८९ सामने गमावल्यावर जॉन लेस्टर या पिचरला सहा वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर दिले, तेव्हा ब्रायंटसारखे तरुण दारात उभे होते. पुढल्याच वर्षी संघाने ९७ सामने जिंकले. वॉशिंग्टन नॅशनल्सनी २०१० मध्ये ९३ सामने गमावले आणि एकतिशीच्या जेसन वर्थला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले, तेव्हा चोहीकडून हसे झाले. परंतु लागोपाठ दोन ड्राफ्टमध्ये पहिल्याच निवडीने मिळालेले स्टीव्हन स्ट्रासबर्ग व ब्राइस हार्पर हे दोघे त्या संघाच्या पदरी होते. २०१२ मध्ये ९८ विजयांसह तो गटात पहिला आला. बाजारातून आणलेला खेळाडू तरुणांच्या आधी एखादे वर्ष आला तर बिघडत नाही. तो तरुणांच्या ऐवजी आला तर सारेच बिघडते.

संयमाचे सोंग

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘आधी पाया, मग कळस’ हे वचन काही मालकांच्या तोंडी फार गोड लागते, कारण पायाच्या नावाखाली त्यांना वर्षानुवर्षे पैसा वाचविता येतो. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०११ ते २०१३ या तीन वर्षांत अनुक्रमे १०६, १०७ व १११ सामने गमावले; ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळवीत त्यांनी तरुणांचा ताफा जमविला आणि २०१७ मध्ये अजिंक्यपद घेतले. तेव्हापासून पराभव हीच जणू नीती ठरली. मात्र त्या मार्गाने निघालेले सगळेच मुक्कामी पोचत नाहीत. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी १२१ सामने गमावून आधुनिक काळातील उच्चांक केला, आणि तोही काही वर्षांपूर्वीच पुनर्बांधणीचा एक फेरा पार पाडून झाल्यावर. जाणूनबुजून हरण्याचा मोह कमी व्हावा म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या काही निवडी सोडतीने ठरविण्याची पद्धत सुरू करावी लागली, यातच सारे आले.

डेट्रॉइट टायगर्सनी निराळे उदाहरण घालून दिले. २००३ मध्ये हा संघ ११९ सामने हरला होता. त्याने हात बांधून बसण्याऐवजी इव्हान रॉड्रिगेझ या अनुभवी कॅचरला चार वर्षांसाठी ४ कोटी आणि वर्षभराने मॅग्लियो ओर्दोन्येझला पाच वर्षांसाठी ७ कोटी ५० लाख डॉलर देऊन बोलाविले. ओर्दोन्येझच्या गुडघ्याची दुखापत ताजी होती. तीच पुन्हा उद्भवल्यास पहिल्या वर्षानंतर करार मोडण्याचा हक्क संघाने राखून ठेवला. दुसरीकडे, २००३ च्या नामुष्कीमुळे मिळालेल्या वरच्या निवडीतून जस्टिन व्हर्लँडर हा पिचर हाती लागला होता. २००६ मध्ये हा संघ ‘वर्ल्ड सिरीज’पर्यंत पोचला. ती मालिका तो हरला. परंतु तीन वर्षांपूर्वी ज्या मैदानात यजमानांची कीव केली जाई, तिथे ऑक्टोबरात प्रेक्षक जल्लोष करीत होते.

खरेदीची पथ्ये

या सर्व अनुभवांतून पराभूत संघासाठी काही पथ्ये सांगता येतात. पहिले, घरचे तरुण एक-दोन वर्षांच्या अंतरावर दिसू लागल्याखेरीज दीर्घ मुदतीचा करार करू नये; आणि दिसू लागले की उगाच थांबूही नये, कारण त्यांच्या स्वस्त सेवेची वर्षे मोजकी असतात. दुसरे, सगळी पुंजी एकावर लावू नये. दोन-तीन जागा एकदम सुधारल्या तरच ६५ विजयांचा संघ ८० च्या पुढे सरकतो आणि तेथून पुढचा प्रत्येक विजय मोलाचा ठरतो. तिसरे, किंमत पैशात चुकवावी, तरुणांत किंवा ड्राफ्टच्या हक्कांत शक्यतो नाही. पैसा पुन्हा मिळतो. वाया घालविलेली निवड परत मिळत नाही. चौथे, शरीराची जोखीम करारातच वाटून घ्यावी. पाचवे पथ्य सर्वांत अवघड: लोकांचे तोंड बंद करण्यासाठी खरेदी करू नये. रॉकीजनी फेब्रुवारी २०२१ मध्ये आपला लाडका नोलन अरेनाडो दुसऱ्या संघाला दिला, वर सुमारे ५ कोटी डॉलरही दिले, आणि वर्षभराने ब्रायंटवर १८ कोटी उधळले. हा व्यवहार ज्याला नीट समजावून सांगता येईल असा अर्थशास्त्रज्ञ विरळाच.

अर्थात या पथ्यांनी यशाची हमी मिळत नाही. रेंजर्सच्या २०२३ च्या विजयात दैवाचा वाटा होताच. पुढल्याच वर्षी त्यांनी ८४ सामने गमावले. पथ्य पाळल्याने रोगी अमर होत नाही, पण न पाळल्याने तो लवकर जातो, एवढे मात्र खरे.

हा खासगी धनिकांचा खेळ आहे, त्यांनी आपला पैसा कसाही उडवावा, असे कोणी म्हणेल. परंतु तो सर्वस्वी त्यांचा पैसा नसतो. रेंजर्सचे नवे मैदान २०२० मध्ये उघडले. त्यासाठी ५० कोटी डॉलरपर्यंतचा वाटा उचलण्यास आर्लिंग्टन शहराच्या मतदारांनी २०१६ मध्ये संमती दिली होती. डेन्व्हरचे कूर्स फील्डही नागरिकांनी भरलेल्या विक्रीकरावर उभे राहिले, आणि शंभराहून अधिक पराभवांच्या वर्षांतही तिथे वीस लाखांवर प्रेक्षक येत राहिले. ज्या मालकाला हरूनही गिऱ्हाईक मिळते, त्याला संघ बांधण्यापेक्षा भिंतीवर लावण्यासाठी एक चेहरा विकत घेणे सोपे वाटते. त्या चेहऱ्याची किंमत अखेर भरतो तो कर देऊन तिकीटही काढणारा, मुलाचा हात धरून सप्टेंबरातला निरर्थक सामना पाहायला येणारा सामान्य माणूस. मोठ्या करारांच्या घोषणांनी हुरळून न जाता, या खेळाडूच्या शेजारी पुढल्या तीन वर्षांत कोण उभे राहणार, असा प्रश्न त्याने आपल्या संघाला प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. ज्या संघापाशी त्याचे उत्तर नसेल, त्याने ते पैसे प्रथम आपल्या तरुणांवर खर्च करावेत.